'वोल्नी' या शब्दाचा राहून गेलेला अर्थ

मित्रांनो, मला जरा हळूच उघडा. माझी बांधणी सुटली आहे आणि मधली काही पानं कुणीतरी पिठाच्या खळीने चिकटवलेली आहेत. मी एक जुना शब्दकोश आहे, तळहातावर मावणारा. माझ्या पोटात डावीकडे पोलिश शब्द आहेत आणि उजवीकडे त्यांचे इंग्रजी अर्थ. माझ्यामुळे काही माणसं हसली, दोघांचं लग्न जमलं, आणि एका घराचं फार मोठं नुकसान झालं. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म १९४२ साली स्कॉटलंडमधल्या एका समुद्रकाठच्या गावात झाला. युद्ध चालू होतं. देश हातातून गेल्यावर आमचे हजारो पोलिश सैनिक तिथे येऊन राहिले होते. त्यांना रस्ता विचारता येत नव्हता की दुकानात साबण मागता येत नव्हता. म्हणून एका लहानशा छापखान्यात मला छापायचं ठरलं. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस वॉर्साचा होता, त्याचं नाव हिएरोनिम. आमच्या कित्येक अक्षरांना शेपट्या लागतात, काहींच्या डोक्यावर टिंबं लागतात. तिथल्या खिळ्यांमध्ये तसली अक्षरं नव्हती. हिएरोनिमने कानस घेऊन एकेक खिळा घासला आणि अक्षरांना शेपट्या काढल्या. त्याच्या बोटांची सालं निघाली होती. असा मी लाडाने घडवलेला आहे.

पण कागद कमी पडला. देखरेखीला एक कॅप्टनसाहेब होते. त्यांनी छापून आलेली कच्ची पानं पाहिली आणि लाल पेन्सिल काढली.

"हिएरोनिम, शब्द राहू दे. अर्थ काप."

"साहेब, अर्थच कापले तर मग राहिलं काय?"

"सैनिकाला काय लागतं रे? भाकरी, रस्ता, दवाखाना, धन्यवाद. एकेका शब्दाला दोन-तीन अर्थ पुष्कळ झाले. युद्ध संपलं की मोठा कोश छाप, मीच पहिला विकत घेईन."

हिएरोनिमने मान खाली घातली आणि जुळवलेल्या ओळी उपटून काढल्या. मोठा कोश पुढे कधी छापला गेला की नाही, मला माहीत नाही.

मला ज्याने घेतलं त्याचं नाव बोगुमिल. तो लेथवर काम करणारा कारागीर होता, ओल्शिनेक गावचा. उंच होता, फारसा बोलत नसे, आणि मला कायम छातीवरच्या खिशात ठेवत असे. एका शनिवारी दुपारी तो चहाच्या दुकानात शिरला. सगळी टेबलं भरलेली होती. एका टेबलापाशी तारखात्यात काम करणारी एक मुलगी एकटीच बसली होती आणि तिच्यासमोरची खुर्ची रिकामी होती. बोगुमिलने मला उघडलं, बोट फिरवलं, आणि तीन अर्थांपैकी नेमका चुकीचा उचलला.

"बाई," तो तिला इंग्रजीत म्हणाला, "ही खुर्ची हळू आहे का?"

मुलीने खुर्चीकडे नीट पाहिलं. "आहे तर. सकाळपासून जागची हललेली नाही."

त्या मुलीचं नाव एल्स्पेथ. तीन वर्षांनी त्याच गावातल्या नोंदणी कचेरीत त्यांनी लग्न केलं तेव्हा मी बोगुमिलच्या खिशातच होतो.

तो खुर्चीचा घोळ ज्या शब्दामुळे झाला, तो माझ्या अगदी शेवटच्या पानांवर आहे. 'वोल्नी'. पुरुषाला वोल्नी, बाईला वोल्ना, वस्तूला वोल्ने. तुम्ही मोकळा, मोकळी, मोकळं म्हणता ना, तसंच. तुरुंगाबाहेरचा माणूस वोल्नी असतो. गाडीतली रिकामी जागा वोल्ने असते. सुट्टीचा दिवस वोल्नी, आणि रेंगाळत चालणारा घोडाही वोल्नीच. इंग्रजी बोलणाऱ्यांची इथे फार पंचाईत होते. ते फुकट मिळणाऱ्या वस्तूलाही 'फ्री' म्हणतात, आणि तिथे मात्र आमचा वोल्नी चालत नाही. कुणी या शब्दाने फुकटचा चहा मागायला गेला, तर वाढपी समजेल, याला चहा सावकाश हवाय. माझ्यात त्या शब्दापुढे तीन अर्थ छापले होते: स्वतंत्र, रिकामा, हळू.

१९४७ साली बोगुमिलला त्याच्या थोरल्या बहिणीचं पत्र आलं. आईवडील युद्धात गेले होते, पण घराचं छप्पर शाबूत होतं आणि साखर कारखान्याला कारागीर हवे होते. तो बायकोला घेऊन ओल्शिनेकला परतला. बहिणीचं नाव तेओफिला. तिचा नवरा विन्सेंटी त्याच कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. खाली ती दोघं, वर ही दोघं, आणि स्वयंपाकघर एकच. एल्स्पेथ हे नाव तेओफिलाच्या तोंडात बसेना. दुसऱ्या दिवसापासून तिने तिला एल्झू करून टाकलं.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. तेओफिलाने कोबी आणि डुकराच्या मांसाचं पातेलं चुलीवर चढवलं आणि म्हणाली, "एल्झू, मी दूध घेऊन येते. हे वोल्नी आचेवर राहू दे." ती निघून गेली. एल्स्पेथने मला उघडलं. पहिला अर्थ: स्वतंत्र. तिने विचार केला, आगीला स्वतंत्र करायचं म्हणजे कोंडलेली मोकळी सोडायची. तिने चुलीचं लोखंडी दार सताड उघडलं, झडप ओढली आणि बाजूला हात बांधून उभी राहिली. धूर इतका झाला की विन्सेंटी अंगणातून धावत आला.

"काय गं, आज आगीला सुट्टी दिलीस की काय?"

"वोल्नी," एल्स्पेथ खोकत म्हणाली. "ताई म्हणाल्या. वोल्नी."

"अगं, मंद आच! हळू, हळू!" विन्सेंटी हसता हसता भिंतीला टेकला. "आमची भाषा गरीब आहे, पोरी. एका कोटात तीन भाऊ फिरतात."

तेवढ्यात तेओफिला दुधाची बरणी घेऊन आली. तिने आधी खिडकी उघडली, मग मला उचलून दोन्ही बाजूंनी पाहिलं. "हे पुस्तक पुरुषांनी केलंय," ती म्हणाली. "एका पानावर स्वयंपाक सापडेल तर शपथ." त्या दिवशी सगळ्यांनी करपलेला कोबी खाल्ला आणि विन्सेंटीने तीनदा मागून घेतला.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं ती एवढीच.

१९४९ चा ऑक्टोबर होता. साखरेसाठी आणलेल्या बिटांनी भरलेल्या गाड्या कारखान्याच्या फाटकापाशी रांगेत उभ्या होत्या. भर दुपारी नव्या सरकारच्या गुप्त पोलिसांतली दोन माणसं आली आणि त्यांनी बोगुमिलला लेथवरून उठवलं. त्याने हात पुसायला फडकं मागितलं, तेही त्यांनी दिलं नाही. त्या काळी परदेशी सैन्याबरोबर लढून आलेल्या पुष्कळ माणसांना असंच नेलं. त्यात बोगुमिलची बायको परदेशी, तिला पत्रं यायची परदेशातून. तो हेर आहे, असं ठरवायला तेवढं पुरलं.

गावाच्या चौकात एक राखाडी इमारत होती. त्याला आधी तिथे ठेवलं, मग जिल्ह्याच्या तुरुंगात हलवलं. तुरुंगात डबा पाठवायची परवानगी मात्र त्या इमारतीतूनच मिळायची, म्हणून एल्स्पेथ दर मंगळवारी तिथे जायची. हातात डबा असायचा, लोकरी मोजे असायचे आणि मी असायचो. दारावर पाटी होती, "निये वोल्नो". तिने पहिल्या दिवशी मला विचारलं. मी आपला तोच शब्द दाखवला. हळू नाही? रिकामं नाही? ती आत शिरली आणि पहारेकऱ्याने दंडाला धरून तिला बाहेर काढलं. शब्दाचं शेवटचं अक्षर बदललं की त्याचा अर्थ होतो परवानगी, आणि 'निये' म्हणजे नाही. परवानगी नाही. हेही माझ्यात छापलेलं नव्हतं.

सात महिने तिला नवऱ्याचं तोंड दिसलं नाही आणि डबाही कुणी घेतला नाही. तेओफिला तिच्याबरोबर जायची, पण आत एकालाच सोडायचे. ती समोरच्या बाकावर विणकाम घेऊन बसून राहायची.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी मात्र दार उघडलं. "या, या, बाई," आतून आवाज आला. "बसा." जाड काचांच्या चष्म्याचा, मऊ आवाजाचा एक अधिकारी होता. त्याने तिच्यासाठी खुर्ची स्वतः ओढली. इतक्या महिन्यांत तिच्याशी कुणी नीट बोललेलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"डबा द्यायचाय ना? देऊ की. ही बघा परवानगी. फक्त एक कागद लागतो, तुमच्या नावाचा. पासपोर्ट आणलाय?"

पासपोर्ट जुना होता, माहेरच्या नावाचा. त्याने ते नाव कागदावर सुबक अक्षरात लिहून घेतलं. जन्मगाव लिहिलं. मग एका रकान्यात एकच शब्द लिहून कागद तिच्यापुढे सरकवला. तीन वर्षांत एल्स्पेथ स्वयंपाकघराची भाषा शिकली होती, बाजाराची शिकली होती. कचेरीची भाषा निराळी असते. तिने तो रकाना सुटा सुटा वाचला. नागरी स्थिती. आणि पुढे, वोल्ना.

"हे काय?" तिने विचारलं.

"तुमच्याजवळ पुस्तक आहे ना? मग बघा की पुस्तकात. घाई नाही."

तिने मला उघडलं. तिने ओळीवर बोट ठेवलं. मी दाखवलं: स्वतंत्र, रिकामा, हळू.

"मोकळी?" ती म्हणाली. "म्हणजे... मला पकडलेलं नाही?"

"तुम्हाला कोणी पकडलंय का, बाई?"

"नाही."

"मग?" तो हसला.

मित्रांनो, हिएरोनिमने चौथा अर्थ जुळवला होता. मला आठवतंय. त्या ओळीचे खिळे माझ्या पानावर एकदा उमटले होते, कच्च्या छपाईत. 'लग्न न झालेला.' तो अर्थ बोलण्यात कमी येतो, कागदांवर येतो, कचेऱ्यांत येतो. सैनिकाला काय करायचाय, म्हणून लाल पेन्सिलीने तो गेला. मी तिच्या हातात उघडा पडलो होतो आणि जे माझ्यात नव्हतं ते तिला सांगू शकत नव्हतो. तिने पासपोर्टावर होती तशी सही केली. त्याने कागद फुंकर मारून वाळवला, खणात ठेवला आणि डबा खरोखरच ठेवून घेतला.

एल्स्पेथ जवळजवळ धावतच बाहेर आली. "ताई! घेतला! डबा घेतला! मोजेसुद्धा!"

तेओफिलाने तिला मिठी मारली. "बघ, मी म्हणत होते ना. एवढा वेळ काय करत होतीस?"

"एक कागद होता. मी मोकळी आहे असा."

"कसली मोकळी?"

"नागरी स्थिती, वोल्ना."

तेओफिलाच्या मांडीवरचं सुयांसकट विणकाम खाली पडलं. "सही केलीस?"

"केली."

"अगं बाई! अगं, त्याचा अर्थ तुझं लग्नच झालेलं नाही! तू कोणाची बायको नाहीस, असं लिहून दिलंस तू!"

दोघी परत धावल्या. दार बंद होतं. तेओफिलाने मुठींनी दार बडवलं. "कामकाजाची वेळ संपली," आतून उत्तर आलं. अजून दुपारचे बारासुद्धा वाजले नव्हते. दुसऱ्या दिवशी गेल्या तर तो कागद जिल्ह्याला गेला होता. पुढच्या मंगळवारी डबा घेईनात. पहारेकरी म्हणाला, "त्या कैद्याचं लग्न झालेलं नाही. तू कोण त्याची?"

एल्स्पेथने स्कॉटलंडमधून लग्नाचा दाखला मागवला. त्याचं भाषांतर करून, शिक्का मारून तो दिला. तो कधी परत आला नाही आणि त्याचं पुढे काय झालं तेही कुणी सांगितलं नाही.

दोन आठवड्यांनी त्यांनी विन्सेंटीला नेलं. युद्धाच्या वेळी जर्मनांविरुद्ध गुप्त रेडिओ चालवणाऱ्यांत तो होता, पण नव्या सरकारच्या लेखी असा रेडिओ म्हणजे हेरगिरीच होती; तो रेडिओ त्याने कारखान्याच्या बॉयलरमागे दडवून ठेवलेला होता. ही गोष्ट घरातल्या चौघांखेरीज कुणाला माहीत नव्हती. माणसं आली ती सरळ बॉयलरमागेच गेली. जाताना विन्सेंटी अंगणात थांबला आणि तेओफिलाला म्हणाला, "विहिरीच्या पंपाची वादी झिजलीय, बदलून घे." एवढंच. १९५३ च्या फेब्रुवारीत तुरुंगातून दोन ओळींची चिठ्ठी आली. न्यूमोनिया, असं लिहिलं होतं. प्रेत दिलं नाही.

त्या घरात आता दोन बाया राहिल्या. दोघी कारखान्यात साखरेची पोती शिवायच्या. त्या कागदाच्या दिवसापासून एल्स्पेथने मला हात लावला नव्हता. मला कपाटाच्या वर टाकून दिलं होतं. माझ्यावर चुलीची काजळी बसली, एका हिवाळ्यात उंदराने माझा कोपरा कुरतडला. मी रागावलो नाही. वरून मला खालचं सगळं दिसायचं. तेओफिला स्वयंपाकाच्या टेबलाशी बसून तिला शिकवायची. कागदांची भाषा, अर्जांची भाषा, कोर्टाची भाषा. चुकली की रागवायची. "परत म्हण. या चुकीची किंमत काय असते ते तुला मी सांगायला नको." कधी एल्स्पेथ रडायची, कधी तेओफिला. दोघी एका वेळी रडल्याचं मी कधी पाहिलं नाही.

१९५५ च्या एप्रिलमध्ये, एका रविवारी सकाळी, एल्स्पेथ अंगणात कपडे वाळत घालत होती. फाटक वाजलं. दारात एक माणूस उभा होता. केस पिकलेले, खांदे आत ओढलेले, कोट दुसऱ्याच कुणाच्या मापाचा. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती म्हणून मला सगळं ऐकू येत होतं.

"बाई," तो म्हणाला, "माझी ताई घरात आहे का?"

"बोगुमिल," एल्स्पेथच्या हातातली चादर खाली पडली. "अरे, मी आहे. मी."

"माहीत आहे, तुम्ही आहात ते. तुमचं नाव मी पाहिलंय. कागदावर." त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मला वाटलं होतं, तुम्ही तुमच्या देशी गेला असाल. ताई कुठे आहे?"

"चर्चमध्ये."

"मी बाहेर थांबतो."

एल्स्पेथ घरात आली. तिने स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि मला खाली काढलं. पदर म्हणा, एप्रन म्हणा, जे होतं त्याने माझी काजळी पुसली आणि मला उघडून त्याच्या हातात दिलं. तो लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसला होता.

"वाच."

"काय वाचू?"

"मी त्या दिवशी काय वाचलं ते. तीनच अर्थ आहेत. चौथा कुठे आहे, दाखव मला. दाखव ना! मी तिथे बसून हेच पुस्तक उघडलं होतं. तुझंच पुस्तक."

बोगुमिलने वाचलं. मग पान उलटून मागे पाहिलं, जणू राहिलेला अर्थ पलीकडे छापला असेल. परत उलटून वाचलं. त्याची नखं तुटलेली होती आणि त्यातलं एक माझ्या कागदाला लागून पान जरा फाटलं.  एल्स्पेथ त्याच्या पायाशी बसली. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि त्याने तो बाजूला केला नाही.

"सात महिने मी तोंड उघडलं नव्हतं," शेवटी तो म्हणाला. "उभं ठेवलं, उपाशी ठेवलं. मी म्हणत होतो, घरी माझी माणसं आहेत. मग एक दिवस त्या चष्मेवाल्याने तो कागद आणून दाखवला. म्हणाला, तुझी माणसं? ही बघ तुझी बायको. आपण कुणाची नाही म्हणते. आणि खाली सही खरंच तुझीच होती, मला लांबूनसुद्धा ओळखू आली असती."

"बोगुमिल..."

"त्याने विचारलं, रेडिओ कुठे आहे. मी सांगितलं. त्याने विचारलं, कोणाचा. तेही सांगितलं." त्याने मला मिटलं. "दाजींचं नाव मी सांगितलं, एल्स्पेथ."

मित्रांनो, मला वाटलं होतं, माझं पान वाचलं की सगळं मिटेल. तिला वर्षानुवर्षं हेच वाटत आलं असणार. ती उठली आणि विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिली. थोड्या वेळाने तोंड धुऊन परत आली.

"ताईंना आजच सांगायचं," ती म्हणाली.

"आज नको. मी आत्ताच आलोय. तिला मला एकदा नुसतं बघू दे."

"आजच. मी येते बरोबर."

तेओफिला चर्चहून आली. भावाला पाहून ती ओरडली नाही की धावली नाही. तिने त्याच्या गालाला हात लावला, "वाळलास," म्हणाली, आणि सूप करायला बीट सोलायला घेतले. तो टेबलापलीकडे बसला. एल्स्पेथने मला कवटाळलं होतं.

"ताई, मला काही सांगायचंय."

"सांग."

"दाजींचं नाव त्यांना मी सांगितलं."

तेओफिलाची सुरी थांबली नाही. साल लांब, लाल, न तुटता खाली येत राहिलं. एल्स्पेथने घाईघाईने मला टेबलावर उघडं ठेवलं. "ताई, त्याला तो कागद दाखवला होता त्यांनी. माझ्या सहीचा. तो स्वतःहून नाही बोलला. माझी चूक आहे, या पुस्तकात अर्थच नव्हता..."

"पुस्तक उचल."

"ताई, एकदा बघा तरी."

"उचल म्हणते ना. बिटाचे डाग पडतील. आणि त्याला पुस्तकाच्या आड लपवू नकोस. तोंड त्याचं होतं."

एल्स्पेथने मला उचललं. एक डाग पडलाच. अजून आहे.

"मला ठाऊक आहे," तेओफिला म्हणाली.

"काय ठाऊक आहे?" बोगुमिलने विचारलं.

"हेच. विन्सेंटी असतानाच कळलं होतं. त्या चष्मेवाल्याने मला बोलावून सांगितलं, खुर्ची ओढून, चहा देऊन. त्याला वाटलं, मी घरी येऊन हिचं सामान रस्त्यावर फेकेन. मग दोन बाया एकमेकींविरुद्ध कागद लिहून द्यायला लागल्या असत्या, की त्याचं काम झालं."

"मग का नाही फेकलंत?" एल्स्पेथने विचारलं.

"फेकणारच होते. पायरीपर्यंत आले. तू इथे बसून घोकत होतीस. नवरा, नवऱ्याला, नवऱ्याने, नवऱ्याशी. सगळ्या विभक्त्या. एक चुकलीस, तर पहिल्यापासून सुरू केलंस." तेओफिलाने सोललेला बीट पातेल्यात टाकला. "मी आत आले आणि चूल पेटवली. आणखी काय करणार होते?"

 बाहेर फाटकाची कडी वाऱ्याने आपटत होती.

"एवढंच ठरवलं होतं," ती भावाला म्हणाली, "की हा कधी परत आलाच, तर स्वतःच्या तोंडाने सांगतो का ते बघायचं. नसतं सांगितलंस तर आज संध्याकाळी तुला घराबाहेर काढलं असतं. सांगितलंस."

"ताई, मला माफ..."

"तो शब्द काढू नकोस. माझ्याजवळ तो नाहीये, मी द्यायचा कुठून?" तिने रिकामी बादली पायाने त्याच्याकडे सरकवली. "पाणी आण. माझे हात भरलेत."

बोगुमिल उठला, बादली घेतली आणि विहिरीकडे गेला.

त्यानंतर तो सहा वर्षं जगला. तुरुंगात त्याची फुप्फुसं खराब झाली होती, लेथवर उभं राहवत नव्हतं. तरी रोज सकाळी तो ताईच्या स्वयंपाकघरात पाणी भरायचा. ती दार उघडायची, तो बादल्या ठेवायचा. दोघांत दिवसाला दहा शब्दसुद्धा होत नसत. तो गेला तेव्हा तेओफिलाने कुणाला हात लावू दिला नाही. एकटीने त्याला आंघोळ घातली, दाढी केली, विन्सेंटीचा चांगला कोट चढवला. माफीचा शब्द तिने त्या दिवशीही उच्चारला नाही. एल्स्पेथने कधी मागितला नाही.

पुढे एल्स्पेथने गावच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. म्हातारपणी तिने मला शाळेच्या ग्रंथालयात देऊन टाकलं. तिथे नवे, जाडजूड, रंगीत कोश आहेत. मी खालच्या फळीवर असतो. पावसाळी दिवसांत भिंतीची ओल माझ्यापर्यंत येते. मला उघडणारं आता फारसं कुणी नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही, कारण मी अपुरा आहे हे मला ठाऊक आहे.

मित्रांनो, पुस्तकं अपुरी असतात. ती कापणारे हात घाईत असतात. म्हणून सही करण्याआधी कुणाला तरी विचारा, लाजू नका, समोरचा कितीही गोड हसत असला तरी उठून बाहेर जा आणि बाकावर बसलेल्या आपल्या माणसाला विचारून या. आणि एखाद्या पुस्तकात काही राहून गेलेलं सापडलं, तर त्यात लिहून ठेवा. पुस्तक खराब होत नाही.

मला शाळेत देण्याआधी एल्स्पेथने माझ्या त्या पानाच्या समासात, फाटलेल्या जागेशेजारी, पेन्सिलीने लिहिलं आहे: "वोल्ना. जिचं लग्न झालेलं नाही ती. मी तशी नव्हते."

पेन्सिल पुसट होत चालली आहे. कधी मी तुमच्या हाती आलोच, तर तेवढी ओळ गिरवून ठेवा.